जाऊबाई आणि कातरलेली झालर

सोनाबाई, माझ्या अकलेचा पहिला पराक्रम आधी पुन्हा एकदा कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला तोंड मोकळं होईल.

नवी नवरी होते मी. चितेगावच्या पलीकडचं माझं गाव सोडून छावणीतल्या तुमच्या दोन खोल्यांत येऊन जेमतेम महिना झाला असेल. तू दोरा आणायला बाजारात गेली होतीस आणि अंगणात बाजेवर तुझ्याकडं रफूला आलेला एक गालिचा उन्हाला टाकलेला होता. तांबडा, काठाला निळ्या फुलांची वेल, आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या दोऱ्यांची झालर. झालर कसली, कुण्या म्हाताऱ्याची न विंचरलेली दाढी! कुठं लांब, कुठं तुटकी, कुठं नुसता गुंता. मला वाटलं, जाऊबाईंना एवढ्या कामात सवड कुठली, आपणच हातासरशी नीट करून टाकू.

माझ्या ट्रंकेत बापाची कातर होती. मेंढरं कातरायची. बापाला मुलगा नव्हता, म्हणून कातरणीला तो मलाच बसवायचा, आणि माझ्या हाताखालून उठलेली मेंढी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसते असं अख्ख्या वाडीत बोललं जायचं. या नावलौकिकाचा मला फार माज होता. शहरात येऊन महिना झाला तरी तो दाखवायची संधी मिळाली नव्हती. ती आता बाजेवर आयती पसरलेली होती.

मग काय! गालिच्याचं एक टोक मेंढीची मान धरावी तसं दोन गुडघ्यांत धरलं, 'गप गं, गप' असंसुद्धा म्हणाले बहुतेक, आणि चालवली कातर. पार मुळापासून, लोकरीला लागून. एक टोक झालं. कापलेल्या दोऱ्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला, उशीत भरायला होईल म्हणून. केवढा तो संसारीपणा! मग गालिचा फिरवून दुसरं टोक धरलं. ते निम्मं झालं होतं, तेवढ्यात तू फाटकातून आत आलीस. मी कपाळाचा घाम पुसत उठले आणि म्हणाले, "बघा जाऊबाई, कशी मऊ केली!"

तू गालिच्याकडं बघितलंस. मग माझ्याकडं. मग माझ्या हातातली कातर काढून घेतलीस, लहान लेकराच्या हातातून विळी काढून घ्यावी तशी, अगदी हळू. आणि बाजेच्या कडेला बसून म्हणालीस, "चहा टाक."

आता तू म्हणशील, ही मला अगं-तुगं कधीपासून करायला लागली? तर तेही सांगून टाकते. आपल्या सासूबाईंचा दंडक होता, थोरली जाऊ म्हणजे दुसरी सासू. तिला नावानं हाक मारायची नाही, एकेरी बोलायचं नाही. म्हणून आयुष्यभर मी तुला 'अहो जाऊबाई' म्हणत आले. भांडतानासुद्धा 'अहो'. 'अहो, तुमचं डोकं फिरलंय का ओ' असं आदरानं म्हणायचे. सासूबाई गेल्या, तुझे मालक गेले, माझे मालक वाळूजच्या कंपनीतून रिटायर होऊन घरी बसले, पोरांना पोरं झाली, त्या पोरांनी तुला मोठी आजी आणि मला बारकी आजी केलं, तरी माझं 'अहो' काही सुटलं नाही. आता तू गेलीस. तेरावं झालं. म्हटलं, आता तरी एकदा मैत्रिणीसारखं बोलून बघावं. पहिल्यांदा 'अगं' म्हणताना जीभ अडखळली. दुसऱ्यांदा मजा आली. सोनाबाई! सोने! रागावली असशील तर येऊन सांग.

दहाव्याला कावळा लगेच शिवला, माहीत आहे का? पिंड ठेवला आणि हा हजर, जसा काही वाट बघत बसला होता. सगळे म्हणाले, पुण्यवान बाई, मागं काही इच्छा राहिली नाही. मला मात्र लई राग आला. माझ्या एवढ्या इच्छा राहिल्यात आणि तुझी एकसुद्धा नाही? निदान 'गिरजेला ते एक सांगायचं राहिलं' म्हणून तरी त्या कावळ्याला घटकाभर ताटकळत ठेवायचं होतंस.

ते एक म्हणजे कोणतं, ते तुला बरोबर ठाऊक आहे. तो गालिचा परत द्यायला गेलो, त्या दिवशी बंगल्यावर आत जाऊन तू काय बोललीस?

कारण झालं असं होतं, की चहा पिऊन झाल्यावर तू गालिचा उचलून जरासा झटकलास आणि काठाच्या लोकरीच्या गाठी दुधाच्या दातांसारख्या टपाटप पडल्या. मला वाटलं, गालिचाच कमअस्सल असणार. तेव्हा तू मला शेजारी बसवून कापलेलं टोक दाखवलंस. झालर मागून शिवलेली नसते. गालिचा ज्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या दोऱ्यांवर बांधतात, त्याच दोऱ्यांची ती उरलेली टोकं असतात, आणि ती बाहेरून बांधलेली असतात म्हणूनच आतली एकेक गाठ जागेवर राहते. ज्या म्हाताऱ्या रफूगर चाचांच्या हाताखाली तू हे काम शिकलीस, त्यांना तू दुसऱ्या दिवशी घरी बोलावून आणलंस. त्यांनी चष्मा पुसला, माझी करामत बघितली, आणि कानाला हात लावला. "या अल्ला! बेटी, झालर गालीचे की जड है. झाड की जड कोई कतरता क्या?"

मी मुंडी खाली घातली. आणि खरं सांगू? घोंगडीच्या दशा कापायच्या नसतात, गाठ मारून ठेवायच्या असतात, हे मला माहेरीच शिकवलेलं होतं. लोकरीतच तर वाढले मी! पण मला वाटलं, हा शहरातला गालिचा, शहरातल्या वस्तूंना दाढी शोभत नसेल. अशी ही माझी विद्वत्ता.

मग तू कामाला बसलीस. आधी दोन्ही काठ टाके घालून बांधून टाकलेस, म्हणजे जे उरलंय ते तरी पडू नये. निसटलेल्या ओळी सारख्या करताना काठाची बोटभर पट्टी गेली. निळ्या फुलांच्या वेलीचे पाय गेले, फुलं अधांतरी राहिली. मग लांब सुईत सुताचा नवा पांढरा दोरा ओवून जुन्या ताण्याच्या अंगाअंगानं आत घालायचा, लोकरीखालून चार बोटं वर न्यायचा, वळवून परत खाली आणायचा. एक फेरा झाला की झालरीच्या दोन दशा तयार. आणि गालिच्याची रुंदी केवढी, तर बाजेपेक्षा जास्त! तू वाकलेली, मी समोर गालिचा ताणून धरलेला. दिवसामागून दिवस गेले. तू मला एक शब्द बोलली नाहीस. शिव्या घातल्या असत्यास तर मी मोकळी झाले असते. न्हाणीत जाऊन रडायचे, तोंड धुऊन परत यायचे आणि ताणून धरायचे. तू म्हणायचीस, "सैल सोडू नको." एवढंच. ते गालिच्याबद्दल होतं, पण मी ते मनाला लावून घ्यायचे.

झालर झाली. सुरेख झाली. पण फुलांचे पाय गेले होते ते गेलेच, आणि ते झाकता येण्यासारखं नव्हतं. गालिचा बंगल्यातल्या बाईसाहेबांच्या माहेरचा, त्यांच्या आजोबांच्या वेळचा. आपण दोघी तो गुंडाळून घेऊन गेलो. फाटकाशी तू मला थांबवलंस आणि एकटीच आत गेलीस. मी गुलमोहराखाली उभी. खंडोबाला काय काय कबूल केलं, ते आता आठवत नाही, आणि जे आठवतं ते फेडलेलं नाही.

बऱ्याच वेळानं तू बाहेर आलीस. चेहरा दगडासारखा, पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी वळवळत होतं. हातात एक पिशवी.

"काय म्हणल्या ओ?" मी विचारलं.

"काय नाय."

"तुमी काय सांगितलं?"

"जे सांगायचं ते. चल."

"आन् ही पिशवी?"

"बंगल्यावरनं दिली. भाजी कर."

पिशवीत कोबीची वरची जून पानं होती, गाजराचे शेंडे आणि मटाराची टरफलं. मला काही कळेना. एवढा गालिचा बिघडवला आणि वर भेट? पण तू सांगितलंस म्हणून केली भाजी. कोबीची पानं बारीक चिरून हरभऱ्याची डाळ घालून, आणि मटाराच्या टरफलांची आतली साल सोलत बसून. सोलताना बोटं गेली माझी. त्यानंतर तू जेव्हा जेव्हा त्या बंगल्यावर जायचीस, तेव्हा तेव्हा तशीच पिशवी यायची. मालक शिफ्टवरून यायचे, ताट बघायचे आणि म्हणायचे, "पुन्हा पाला? आपुन माणसं हाव का गुरं?" तू जेवता जेवता ठसका लागून उठून जायचीस. मला वाटायचं, तिखट जास्त झालं.

आणि मला मात्र त्या बंगल्यावर बंदी. "तू त्या फाटकावरबी यायचं नाय," असं तू बजावलं होतंस. दुसऱ्या सगळ्या घरी मला घेऊन जायचीस, तिथं नाही. मग मी काय समजायचं? मी समजले, की तू आत जाऊन खरं ते सांगितलंस. हिनं केलं, माझ्या जावेनं, गावाकडची आहे, अक्कल नाही. आणि बाईसाहेब म्हणाल्या, तिला पुन्हा माझ्या दारात आणू नका. दुसरं काय असणार? कारण तुला खोटं बोलता येत नव्हतं. अख्ख्या छावणीला हे माहीत होतं. तुझी तर झालरसुद्धा खोटं बोलायची नाही.

या झालरीवरून आपण किती भांडलो, सोने! नवी झालर पांढरीफेक आणि गालिचा जुना, मळखाऊ. मला ते बघवायचं नाही.

"अहो, म्हातारीला पांढरे बूट घातल्यागत दिसतंय," मी म्हणायचे.

"म्हातारीचे पाय गारठण्यापरीस बरं," तू म्हणायचीस.

"चहाच्या पाण्यात बुडवू या ना. जुन्यासारखा रंग येतोय."

"कशापायी? गिऱ्हाइकाला कळाय पायजे, कुठवर त्याचं हाय आन् कुठनं आपलं. रंग काळ चढवंल."

"काळाला कवा सवड मिळायची ओ?"

एकदा मी तुझ्या नकळत करूनच बघितलं. एका वकिलांच्या दिवाणखान्यातला गालिचा होता. तू कुणाच्या तरी बारशाला गेली होतीस. पण गंमत बघ, माझी अक्कल तोवर कुठं वाढली होती? कोरा चहा वेगळा उकळावा हे सुचलंच नाही. सकाळचा पातेल्यात उरलेला चहा होता, आपल्या घरचा, पाकासारखा गोड, दूध घातलेला, वर आलं. त्यात झालर बुडवली. रंग असा काही आला म्हणून सांगू! मी वाळवून, गुंडाळून, पोहोचवूनसुद्धा आले. तिसऱ्या दिवशी वकीलीणबाईंचा निरोप, की सोनाबाईंना म्हणावं, तुमच्या झालरीला मुंग्या लागल्यात. रांगच्या रांग, दिवाणखान्याच्या दारातून थेट गालिच्यापर्यंत. तू गेलीस, झालर धुऊन आलीस, आणि दारातच मला विचारलंस, "आलं कशाला घातलं गं? झालरीला खोकला झाला व्हता का?"

हसावं का रडावं मला कळेना. मी हसले. मग तूही हसलीस. त्या दिवशी मी बंगल्याचं विचारून घ्यायला हवं होतं. तू हसत होतीस, सांगितलंही असतंस. पण मी घाबरले. हसणं थांबेल म्हणून घाबरले.

अशी कितीतरी वेळा घाबरले. सासूबाईंच्या आजारपणात आपण दोघी रात्रंदिवस एका खोलीत होतो, तेव्हा विचारता आलं असतं. चाचा गेले तेव्हा त्यांच्या सुया तुझ्याकडं आल्या, त्यातली अर्धी जुडी तू माझ्यासमोर ठेवलीस, तेव्हाही. नुसती ठेवलीस आणि भाकरी थापायला गेलीस. कौतुक म्हणून तुझ्या तोंडून कधी निघालं नाही. मी बांधलेल्या झालरीवर तू बोटं फिरवायचीस, पेटीच्या पट्ट्यांवर फिरवावीत तशी, आणि म्हणायचीस, "चालंल." हे तुझं भारतरत्न. लोक गालिचे घेऊन यायचे तेव्हा तू म्हणायचीस, "ठिवून जावा, बघतो आमी." त्या 'आमी'मध्ये मी होते, की मोठ्या माणसांनी स्वतःला म्हणायचं ते 'आमी' होतं, हेही मी कधी विचारलं नाही. मला आपलं वाटत राहायचं, की तुझ्या लेखी मी अजून तीच आहे, गुडघ्यात गालिचा धरून बसलेली खुळी.

शेवटच्या महिन्यात तू दाराजवळच्या खाटेवर असायचीस. दिसायचं कमी झालं होतं, पण नाक शाबूत. मी खाली चटईवर झालर बांधत बसायचे.

"दाखव," तू म्हणायचीस. मी टोक तुझ्या हातात द्यायचे. तू बोटं फिरवायचीस, मग नाकाशी न्यायचीस.

"चहात घातली."

"घातली ओ."

"दूध?"

"नाय ओ, जाऊबाई."

"साखर?"

"नाय!"

"सुधारली," तू म्हणायचीस आणि डोळे मिटायचीस.

गेलीस त्या सकाळीही निम्मा चहा पिऊन ठेवला होतास. मला वाटलं, डोळा लागला. नंतर बायका जमल्या, तुला आंघोळ घालायला घेतलं, सगळ्या रडत होत्या आणि मी एकदम ओरडले, "थांबा, पदराला सुई हाय, टोचंल!" सगळ्या थांबल्या. माझ्याकडं बघायला लागल्या. कुणाला टोचणार होती गं? पण मी काढली, माझ्या पदराला लावली. आता तुला सांगते, अजून तिथंच आहे. काल बसताना मला टोचली. म्हणजे निरोप पोहोचतात तुझे.

आता खरी गोष्ट ऐक. तुझं तेरावं होऊन चार-पाच दिवस झाले असतील. दुपारी दारात एक गाडी थांबली. पांढऱ्या केसांच्या एक बाई उतरल्या, ड्रायव्हरनं मागून एक गुंडाळी आणली. "सोनाबाईंचं घर हेच ना?" म्हणाल्या, आणि मग भिंतीवर तुझा फोटो बघितला, हार घातलेला. खाली बसल्याच बिचाऱ्या. म्हणाल्या, "मला कळलंच नाही हो." मी पाणी दिलं. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणाले, बारकी जाऊ. त्या म्हणाल्या, त्या बंगल्यातल्या बाईसाहेबांची मी मुलगी. आई जाऊन बरीच वर्षं झाली, बंगला विकला, मी आता लेकाकडं असते. आईच्या माहेरचा गालिचा तेवढा माझ्याकडं आहे. झालर झिजली, सोनाबाईच करतील म्हणून शोधत आले.

या वयात! नातवंडांना दटावणारी बाई मी, आणि पदर डोक्यावर ओढून कोपऱ्यात सरकले, जसं काही त्या मला ओळखणार होत्या. बंदी होती ना त्या घराची मला. ताईंनी गुंडाळी सोडली. तोच. तांबडा. निळी फुलं, पाय नसलेली. आणि टोकाला तू घातलेली झालर.

सोने, मी हरले. तेवढं तरी आधी सांगून टाकते. तू पांढरीफेक घातलेली ती झालर चहाच्या रंगाची झाली होती. अगदी तंतोतंत, मी इतकी वर्षं पातेल्यात शोधत होते तोच रंग. काळाला सवड मिळाली होती गं. झिजून बोटभर उरली होती, पण तुझ्या आतल्या एकाही गाठीनं जागा सोडलेली नव्हती. मी तिच्यावर बोटं फिरवली आणि तोंडातून निघून गेलं, "चालंल." मग मलाच रडू फुटलं.

ताईंना वाटलं, मी तुझ्या आठवणीनं रडते. माझा हात धरून म्हणाल्या, "हो ना, काय बाई होत्या! आमच्याकडं अजून याला काय म्हणतात ठाऊक आहे का? मेंढीवाला गालिचा."

मी म्हणाले, "मेंढीवाला?"

"म्हणजे काय, झालर मेंढीनं खाल्ली होती ना!"

मी झालर उचलून डोळ्यांशी नेली.

"तुम्हाला माहीत नाही? सोनाबाईंनीच आईला सांगितलं. आमच्या घरात नवीन मेंढी आणलीय, तिनं तुमची झालर खाल्ली. आई सुरुवातीला खूप चिडली होती, पण हे ऐकून हसत सुटली. मग तिला त्या मेंढीचा लळाच लागला, न बघता. स्वयंपाकघरात कोबीची पानं, गाजराचे शेंडे, सगळं तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. सोनाबाई आल्या की पिशवी भरून द्यायची आणि विचारायची, मेंढी कशी आहे? खाते का नीट? त्या म्हणायच्या, समदं खाते, टरफलंबी सोडत नाय."

मी तोंडाला पदर लावला.

"मी शाळेत होते तेव्हा," ताई म्हणाल्या, "मी हट्ट धरायचे, एकदा तरी मेंढी आणा बघायला. पण सोनाबाई कधी आणायच्या नाहीत. म्हणायच्या, लाजाळू हाय, बंगल्याला बुजती."

आता कळलं, त्या फाटकावर मला बंदी का होती! आणि जेवताना तुला ठसका का लागायचा, तेही कळलं. माझी डाळ घालून केलेली भाजी! मी सोललेली टरफलं! अगं चेटकिणी! इतकी वर्षं मला मेंढीचा चारा खाऊ घातलास आणि वर म्हणालीस, 'मीठ कमी पडलंय.' आणि म्हणे तुला खोटं बोलता येत नाही. चहात झालर बुडवली तर केवढं तत्त्व आडवं यायचं तुझं, आणि माझ्यासाठी अख्खी मेंढी उभी केलीस, नुसती उभी केली नाहीस, वर्षानुवर्षं पोसलीस.

मला आधी हसू आलं, की आधी रडू, सांगता येत नाही. दोन्ही एकाच दारातून निघाले आणि दारात अडकले. ताई घाबरल्या. "पाणी देऊ का?" म्हणाल्या. मी मान हलवली, डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि त्यांच्याकडं सरळ बघून म्हणाले, "ताई, तुमाला मेंढी बघायची व्हती ना? बघा. ही बसलीय."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं, बाज, कातर, गुडघे, 'गप गं गप', उशीत भरायचा गठ्ठा. त्या इतक्या हसल्या, की ड्रायव्हर बघायला आत आला. नात आतून धावत आली, तर आम्ही दोघी म्हाताऱ्या गालिच्यावर लोळायच्या बेतात. तुझ्या फोटोकडं माझी नजर गेली. तोच दगडासारखा चेहरा, आणि ओठाच्या कोपऱ्यात ते वळवळणारं. इतके दिवस मला वाटत होतं, फोटोवाल्यानं हालवला.

गालिचा इथंच आहे. आधी तुझी झिजलेली झालर एकेक दोरा करून मोकळी करायची, काठ टाक्यांनी बांधून घ्यायचा, मग नवा ताणा आत. दोरा पांढरा आणलाय. ताईंनी विचारलं, जुन्या रंगाशी जुळवून देता येईल का? मी म्हणाले, "नाय, ताई. रंग काळ चढवंल." म्हणाले खरी, आणि लगेच वाटलं, तू खाटेवर कूस बदललीस. समोरून ताणून धरायला कुणी नाही, म्हणून बाजेच्या दोन पायांना बांधलाय. सैल सोडलेला नाही. तुझी जुनी झालर मात्र फेकवेना. तिचा गठ्ठा करून बाजूला ठेवलाय. उशीत भरीन. तेव्हा वाटलं होतं तेवढी काही ती कल्पना वाईट नव्हती.

आणि एक सांगायचं राहिलं. ते ताईंनी जाता जाता, गाडीत एक पाय टाकून सांगितलं. मी मुद्दाम शेवटाला ठेवलंय, कारण हे ऐकलं की तू 'हॅ' करून तोंड भिंतीकडं फिरवशील आणि पुढचं काही ऐकणार नाहीस. त्या म्हणाल्या, "आईनं तेव्हा एकदा विचारलं होतं हो, असली उपद्व्यापी मेंढी ठेवता कशाला, विकून का टाकत नाही? तर सोनाबाई म्हणाल्या, 'नाय बाई, इकायची नाय. लई गुणाची हाय. दात नवे आलेत, एवढंच.'"